पांडवलेणी पांडवांची नाहीत, हे 'खरं' कशावरून?

गोदाकाठचा
रविवारी काकूला आणि भाच्याला घेऊन नाशिकची पांडवलेणी चढलो. काकू म्हणाली, पांडवांनी एका रात्रीत कोरली. भाचा म्हणाला, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. उतरेपर्यंत वाद. माझं मत सरळ आहे. वस्तू जशी आहे तशी सांगितली की विधान खरं, नाहीतर खोटं. दहा नंबरच्या लेण्यात क्षहरात वंशातल्या नहपान राजाचा जावई उषवदात स्वतः लिहून ठेवतो की त्रिरश्मी डोंगरातलं हे लेणं मी करवलं. विषय संपला. तत्त्वज्ञानवाले यात उगाच पाणी का घालतात?

निवृत्त मास्तर
संपला कसा? लेखाची ब्राह्मी लिपी तुम्हाला वाचता येते का? नाही ना. म्हणजे वाचणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, याला शब्दप्रमाण म्हणतात. आणि शिलालेखही कुणाचं तरी म्हणणंच असतं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाबद्दल, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल लिहिते की त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचाच, वंश निःशेष केला. आईने केलेलं मुलाचं कौतुक! तरी आपण ते बरंचसं मानतो, कारण १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. लेख आणि नाणी एकमेकांना धरून आहेत. विधान उघड्या वस्तूशी ताडून बघता येत नाही, ते दुसऱ्या विधानांशीच ताडावं लागतं. खरेपणा म्हणजे हा मेळ.

सातपूरची मशिनिस्ट
मास्तर, मेळावर माझा भरवसा नाही. आमच्याकडे एका मायक्रोमीटरला झिरो एरर होती, ०.०२ मिमी. दिवसभराची सगळी रीडिंग एकमेकांशी छान जुळली आणि अख्खा लॉट रिजेक्ट झाला. मेळ होता, साइज नव्हती.
आणि मेळच हवा असेल तर पंचवटी घ्या. पाच वड, सीतागुंफा, शूर्पणखेचं नाक, त्यावरून नाशिक. एक धागा सुटत नाही. मग काकूंच्या पांडवांनी काय घोडं मारलंय?

मिसळप्रेमी
तुम्ही सगळे कोरड्यात बसून पोहताय. पुरात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, या. धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर येतं, पण सराफ बाजारातला दुकानदार विचारतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का? लागलं असेल तर माल हलवतो. ज्यावर भरवसा ठेवून माल वाचतो ते खरं. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०७ मध्ये साधारण हेच मांडलं होतं.

गोदाकाठचा
पण माल वाचतो कारण पाणी खरोखर कमरेला असतं! कुणी अफवा उठवली, दुकानदाराने घाबरून माल हलवला आणि त्याच रात्री दुकानात शॉर्टसर्किट झालं, तरी माल वाचलाच. म्हणून अफवा खरी झाली का?

निवृत्त मास्तर
हे मात्र बिनतोड. मघाशी मी दोन प्रश्नांची खिचडी केली. खरेपणा म्हणजे काय, हा एक. तो ओळखायचा कसा, हा दुसरा. न्यायमतात पहिल्याचं उत्तर तुमच्यासारखंच आहे: जे जसं आहे तसं कळणं. दुसऱ्याचं उत्तर मिसळप्रेमींच्या जवळ जातं. लांबून पाणी दिसलं, जाऊन प्यायलो, तहान भागली, म्हणजे ज्ञान बरोबर होतं. मीमांसक, म्हणजे मीमांसादर्शनवाले, याला कडाडून विरोध करतात. ज्ञान मुळात प्रमाणच, म्हणजे खरंच, असतं, चूक उघड होईल तेव्हा सोडा, म्हणतात. नाहीतर तहान भागल्याचं ज्ञान तरी कशाने तपासणार? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

सातपूरची मशिनिस्ट
आमच्याकडे आहे. मायक्रोमीटर मास्टर पीसवर तपासतात, मास्टर पीस स्टँडर्ड रूममध्ये. कुठेतरी थांबावंच लागतं, नाहीतर शिफ्ट संपते.
पण माझी अडचण वेगळी आहे. तोच मायक्रोमीटर ०.०२ जास्त दाखवत होता तेव्हा एका नव्या पोराने वाचताना नेमकं ०.०२ कमी वाचलं. आकडा बरोबर आला. विधान खरं, पोराचा विश्वासही पक्का. त्याला साइज माहीत होती म्हणायचं का?

निवृत्त मास्तर
नाही. १९६३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ गेटिअरने तीन पानांत हाच घोळ घालून 'ज्ञान म्हणजे सकारण खरा विश्वास' ही व्याख्या फोडली आणि तेव्हापासून अशी उदाहरणं रचून व्याख्या फोडणं ही एक पद्धतच होऊन बसली. आपल्याकडे आठव्या शतकात धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाने मांस भाजायला नुकत्याच पेटवलेल्या विस्तवाचं उदाहरण दिलंय. धूर अजून नाही, वर किड्यांचा थवा. लांबचा माणूस त्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच!

गोदाकाठचा
हे सगळं काकूला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्या सातकर्णीच्या आईचं दोन हजार वर्षांनी ऐकता, मग माझं का नाही?

सातपूरची मशिनिस्ट
काकूंना म्हणावं, नाणी दाखवा.