करडईचं तेल बंद केलं तर दमा आटोक्यात येतो का?
(टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा)

लाकडी घाणा
ॲलर्जीच्या दम्यावर बोलताना धूळ, परागकण, मांजर सगळं निघतं. तेलाच्या डब्याकडे कुणी बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: करडई आणि सूर्यफूल बदला. करडईत सुमारे 75 टक्के लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-6 गटातलं मेदाम्ल. माणशी रोज 25 ग्रॅम तेल धरलं तर नुसत्या तेलातून 18 ग्रॅमच्या वर जातं. शेंगदाणा तेलातून आठेक ग्रॅम, मोहरीतून चारेक, शिवाय मोहरीत दहाएक टक्के ओमेगा-3. लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक आम्ल, त्यापासून ल्युकोट्रीन नावाची रसायनं, आणि ल्युकोट्रीनमुळे श्वासनलिका आवळतात, कफ वाढतो. दम्यावरची मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्रीनलाच अडवते. मार्गारीन आणि वनस्पती तेलं वाढली, मासे कमी झाले, म्हणून दमा वाढला असावा, हे ब्लॅक आणि शार्प या संशोधकांनी 1997 मध्येच मांडलंय.

फुप्फुस
साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. जेवणातलं लिनोलेइक कितीही वाढवा, रक्तातलं ॲराकिडोनिक आम्ल फारसं हलत नाही. ते रूपांतर शरीर मोजूनमापूनच करतं. रेट आणि व्हेलन यांनी 2011 मध्ये माणसांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हेच दिसलं.

दुसरं, ब्लॅक-शार्प यांचा भर ल्युकोट्रीनवर नव्हताच, प्रोस्टाग्लँडिन ई-2 वर होता (तेही ॲराकिडोनिकपासूनच बनतं): ते वाढलं की आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) वाढेल, असा तर्क. पण फुप्फुसात तेच रसायन उलटं वागतं. ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) हुंगवण्याआधी प्रोस्टाग्लँडिन ई-2 दिलं तर श्वासनलिका कमी आवळते. ‘ओमेगा-6 म्हणजे सूज’ हे पोस्टरवर छान दिसतं, एवढंच.

लाकडी घाणा
मग डेन्मार्कचं काय? बिसगार्ड यांचा 2016 चा प्रयोग: गरोदर बायकांना 24 व्या आठवड्यापासून रोज 2.4 ग्रॅम ईपीए-डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातले ओमेगा-3. त्यांच्या मुलांत टिकून राहिलेली घरघर किंवा दमा 16.9 टक्के, ऑलिव्ह तेल घेतलेल्या गटात 23.7.

फुप्फुस
प्रयोग चांगला आहे, मला मान्य. पण तो करडईवर नाही, माशाच्या तेलावर आहे. आणि दमा असलेल्यांवर नाही, गर्भावर आहे. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांच्या रक्तात ईपीए-डीएचए मुळातच कमी होतं त्यांना. शिवाय मात्रा बघा. साध्या 1000 मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, मिळून 300 मिग्रॅ. म्हणजे दिवसाला आठ कॅप्सूल! लोक एक घेतात आणि ‘फरक नाही’ म्हणतात. गरोदरपणात एवढा डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नये, हे वेगळं. आणि ज्यांना आधीच दमा होता अशा 12 ते 25 वयाच्या स्थूल रुग्णांना 24 आठवडे रोज 4 ग्रॅम माशाचं तेल दिलं, तरी दमा आटोक्यात आला नाही.

बंदरावरचा
कॅप्सूल कशाला, तारली-बांगडा आहे की. फक्त सूर्यफुलाच्या तेलात कुरकुरीत तळू नका, कालवण करा. आणि तारलीतली चरबी मोसमागणिक बदलते, तेव्हा ‘इतक्या तुकड्यांत इतकं ओमेगा-3’ असे आकडे छातीठोकपणे देऊ नयेत.

शाकाहारी मंडळी जवसावर भिस्त ठेवतात. एक मोठा चमचा जवसाची पूड म्हणजे साधारण दीड ग्रॅम एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3. त्यातलं ईपीएत बदलतं ते दहा टक्क्यांहून कमी, डीएचए तर नगण्य. अख्खे दाणे पोटातून तसेच बाहेर पडतात. मंद आचेवर भाजा, आठवडाभर पुरेल एवढंच कुटा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. खवट वास आला की टाकून द्या. जवसाच्या तेलाची फोडणी मुळीच नको, लगेच धुरावतं.

साधा प्रश्न
पण तळलेलं खाल्लं की खोकला येतो, हा घरोघरचा अनुभव खोटा?

फुप्फुस
अनुभव खरा, कारण वेगळं. तापलेल्या तेलाच्या धुरात ॲक्रोलीन असतं, ते थेट श्वासनलिकेला झोंबतं. म्हणून तळणाऱ्याला खाणाऱ्यापेक्षा जास्त त्रास. खिडकी उघडा, पंखा बाहेर हवा फेकणारा लावा, धूर निघायच्या आत आच कमी करा, तेच तेल पुन्हापुन्हा वापरू नका. रात्री उशिरा तेलकट जेवलं तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आडवं पडलं की आम्ल वर येतं आणि खोकला सुरू.

ऑस्ट्रेलियात वूड आणि सहकाऱ्यांनी (2011) दमेकऱ्यांना निम्म्याहून जास्त कॅलरी चरबीतून येणारं जेवण दिलं. चार तासांत थुंकीतल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या, पंपाचा परिणाम घटला. पण न्यूट्रोफिलची सूज ही ॲलर्जीची सूज नव्हे. तिथे इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात.

लाकडी घाणा
तरी ॲस्पिरिनने भडकणाऱ्या दम्यात ओमेगा-6 रोज 4 ग्रॅमच्या आत आणि ओमेगा-3 तीन ग्रॅमच्या वर ठेवून दोन आठवड्यांत लघवीतलं ल्युकोट्रीन उतरलंय. म्हणजे कडी अगदीच कच्ची नाही.

फुप्फुस
तुलनेचा गट नसलेला छोटासा प्रयोग, तोही दोन्ही गोष्टी एकदम बदलून. श्रेय ओमेगा-6 कमी केल्याचं की मासे वाढवल्याचं, कसं ठरवणार? आणि 4 ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. आपल्या भाजीतल्या कुटानेच कोटा संपला, तेल अजून कढईत पडायचंय.

लाकडी घाणा
म्हणूनच डबा बदला म्हणतोय. करडईच हवी तर हाय-ओलेइक वाण बघा, त्यात लिनोलेइक 20 टक्क्यांच्या आत असतं. लेबल वाचा. पंप मात्र बंद करू नका. तेल बदलून पंप सुटतो, असं मी म्हटलेलं नाही.