'नेमलेला' म्हणजे 'पसंत' असा अर्थ होतो का? (रोमकरांस १३)

शास्त्रवाचक: 'जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत' हे बायबलमधल्या, प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य (रोमकरांस १३:१) पुढे केलं की राज्यकर्त्यावरची टीका बंद, असं अनेकांना वाटतं. पण तिथला ग्रीक धातू 'तास्सो', म्हणजे रांगेत लावणं, जागा ठरवून देणं. त्यात शाबासकी नाही. दानीएल ४:१७ तर म्हणतं की परात्पर अगदी हलक्यातल्या हलक्या माणसालाही राज्यावर बसवतो! यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय १० मध्ये, अश्शूरचं साम्राज्य देवाच्या हातातला सोटा आहे, आणि त्याच अध्यायात, काम झाल्यावर, त्याच अश्शूरचा झाडा घेतला जातो. नेमणूक आणि जाब, दोन्ही एकाच माणसाला.

परखड: सोयीचं वाचन. होशेय संदेष्ट्याच्या ८:४ चं काय करणार? 'त्यांनी राजे नेमले, पण माझ्याकडून नव्हे.' म्हणजे देवाने न नेमलेले राजेही असतात.

शास्त्रवाचक: त्याच होशेयात १३:११ वाचा: रागाच्या भरात तुला राजा दिला, संतापाने काढून नेला. ८:४ मध्ये तक्रार न विचारता राजा केल्याची आहे. १ शमुवेल ८ मध्ये हेच घडतं. लोक राजा मागतात, देव म्हणतो 'त्यांनी मला नाकारलंय', आणि तरी शमुवेलाला सांगतो, दे.

ताळेबंद: मला यात नवं काही दिसत नाही. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला इराणी राजा कोरेशचा (सायरसचा) मातीचा कोरीव दंडगोल म्हणतो, बाबेलचा देव मर्दुक याने त्याला निवडलं. यशया ४५:१ म्हणतं, परमेश्वराने. तोच विजेता, ज्याच्या त्याच्या देवाच्या खात्यात जमा.

शास्त्रवाचक: फरक लिहिणारा कोण यात आहे. दंडगोल जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला. यिर्मया संदेष्ट्याचं २७:६ मात्र वेढ्याची वाट बघणाऱ्या यरुशलेमेत, शत्रू असलेल्या बाबेलच्या राजाला, नबुखद्नेस्सरला, 'माझा सेवक' म्हणतं. हे राजदरबारी भाटाचं लिखाण नव्हे, त्यापायी यिर्मयावर फितुरीचा आरोप आला. आणि यशया ४५:४ पाहा, कोरेश देवाला ओळखतसुद्धा नाही.

परखड: बरं, मग पौलाचा मजकूर व्यवहारात काय सांगतो? पत्र साधारण इ.स. ५७ चं, गादीवर रोमन सम्राट नीरो.

शास्त्रवाचक: १३:६-७ मध्ये तो कर आणि जकात वेगवेगळे मोजतो, ते उगीच नाही. रोममध्ये जकातदारांविरुद्धची ओरड ५८ साली नीरोपर्यंत गेली होती. अशा वेळी चार ख्रिस्ती मंडळींनी कर बुडवणं म्हणजे सगळ्यांवर संकट. शिवाय अध्यायांची रेघ नंतरची आहे. १२:१९ मध्ये 'सूड तुम्ही घेऊ नका' आणि १३:४ मध्ये तोच सूड अधिकाऱ्याकडे. रेघ पुसून वाचा. आज्ञा पाळण्यासाठीचा नेहमीचा शब्द 'हुपाकुओ', तो इथे नाही. इथे आहे 'अधीन असणं', ते वेगळं: दानीएलाच्या पुस्तकातल्या शद्रखाने राजाच्या मूर्तीला नमस्कार केला नाही, पण भट्टीपासून पळालाही नाही.

परखड: मग निर्गम १ मधल्या सुइणी? त्यांनी इब्री मुलगे जन्मताच मारण्याचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम मोडला, वर 'इब्री बायका आम्ही पोचण्याआधीच बाळंत होतात' अशी थाप मारून शिक्षाही चुकवली. आणि १:२० म्हणतं, देवाने त्यांचं भलं केलं. तुमच्या 'अधीन असणं' मध्ये हे कुठे बसवता?

शास्त्रवाचक: नीट बसत नाही. मान्य.