पाटी, फलक, नेमप्लेट… आणि ती रंगवणारा कोण?

लाकडी फळीवर घराचं नाव रंगवायला शिकवते. वर्गाच्या माहितीपत्रकात काय लिहू? 'नेमप्लेट' सगळ्यांना कळतं, 'नामफलक' शुद्ध वाटतं, आई म्हणते सरळ 'दारावरची पाटी' लिही. आणि पाटी रंगवणाऱ्याला मराठी शब्द कोणता? 'पाटीवाला' चालेल?

—

आईचं ऐका. पाटी हा संस्कृत 'पट्ट'च्या कुळातला शब्द. पाट, पट्टी त्याच घरातले. फलकाची भावंडं फळी आणि फळा. मुळात दोन्ही म्हणजे सपाट तुकडाच, पण वापरात अंतर पडलं. फलकाचं अनावरण होतं, पाटी आपण खिळा ठोकून लावतो. 'पुणेरी पाटी'ऐवजी 'पुणेरी फलक' म्हणून पाहा, सगळी धार गेली! २०२२ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाही सरकारी भाषेत 'नामफलक' होता आणि लोकांच्या तोंडी 'मराठी पाट्या'. नामफलक चूक नाही, पण तो कचेरीच्या दारावर शोभतो.

—

'पाटीवाला' मात्र नको. पाटी म्हणजे टोपलीसुद्धा, आणि बाजारात पाटीवाला म्हणजे डोक्यावरून ओझं नेणारा. रंगारी मूळचा कापड रंगवणारा, आता भिंती रंगवणारा. उरतो 'पेंटर', आणि मला तो पुरता मराठी झालेला वाटतो. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवायचे; पुढे सिनेमा काढला तरी महाराष्ट्राला ते बाबूराव पेंटर म्हणूनच माहीत आहेत. शब्द आडनावाच्या जागी जाऊन बसला, आता त्याला परका कसं म्हणायचं? नवा जोडशब्द घडवायची गरज नाही.

क्रियापदही जपा. आमच्या दुकानाची पाटी रंगवायला येणारे पेंटरकाका खडू फासलेली दोरी पत्र्यावर ताणून टिचकी मारायचे. खाली-वर दोन सरळ रेघा उमटायच्या, मग ते 'अक्षरं काढायला' बसायचे. पाटीवर 'लिहितो' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वहीत लिहायचं, पाटीवर काढायचं, रांगोळी काढतात तसं. बिहारकडच्या मिथिलेत नेमकं उलट: तिथल्या बायका भिंतीवरची चित्रं 'लिहितात', त्या कामाला 'लिखिया' म्हणतात. आपण अक्षरंसुद्धा काढतो. तुमच्या पत्रकात 'सुबक अक्षरं काढायला शिका' असंच असू द्या.

—

'काढायला' घेतलं, आभार. मथळा 'दारावरची पाटी'. एकच अडचण राहिली. सामानाच्या यादीत न रंगवलेल्या लाकडाला 'कोरी पाटी' लिहिलं, तर कुणी शाळेची दगडी पाटी घेऊन येईल का?

—

येईल. यादीत 'कोरी फळी' लिहा. नाव रंगवून झालं की तिला पाटी म्हणा.