ऐक्य सप्ताहात सोलापुरात एकत्र उपासना आणि पंगत: तीन भाषा, चार मंडळ्या, कसं जुळवायचं?

भवानीपेठकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम सलाम. जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात एका संध्याकाळी एकत्र उपासना आणि मग पंगत असा बेत ठरतोय. मराठी मंडळी, पूर्व भागातली तेलुगू बोलणारी कुटुंबं, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी माणसं आणि कॅथलिक पॅरिश, मिळून दीडशे. शिवाय ५० शेजारी: लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, बौद्ध, काही जैन. विषय 'सर्व माणसं एका कुटुंबाची'.

अडलंय तीन ठिकाणी. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) ठेवायचं का? तीन भाषांत उपदेश केला तर दोन तास जातील, त्यावर उपाय काय? आणि शेजाऱ्यांना 'आपण एक कुटुंब' म्हणायचं ते कोणत्या अर्थानं, म्हणजे त्यांना हे धर्मांतराचं आमंत्रण वाटणार नाही आणि आपला विश्वासही पातळ होणार नाही?

वचनवाचक

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

पवित्र शास्त्रात कुटुंब दोन अर्थांनी येतं आणि उपदेशात बहुतेक वेळा त्यांचीच सरमिसळ होते. पहिला अर्थ निर्मितीचा. उत्पत्ती १:२७ मध्ये माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेन्सला, अरीयपगात, मूर्तिपूजक श्रोत्यांपुढे उभा राहून म्हणतो की देवानं सगळी राष्ट्रं एकापासून केली. (काही हस्तलिखितांत 'एका रक्तापासून' आहे, काहींत नुसतं 'एकापासून'. दोन भाषांतरं हातात असली की कुणीतरी हे विचारतंच, म्हणून आधीच सांगून ठेवलं.) पुढच्याच दमात तो ग्रीक कवीची ओळ घेतो, 'आपण त्याचा वंश आहोत'. हे नातं बाप्तिस्म्यानं मिळत नाही आणि बाप्तिस्मा नाही म्हणून तुटतही नाही. दुसरा अर्थ दत्तकपणाचा, म्हणजे देवाचं लेकरू होण्याचा: योहान १:१२, रोमकरांस पत्र ८:१५. ते विश्वासानं मिळतं.

शेजाऱ्यांसमोर पहिला अर्थ पूर्ण ताकदीनं मांडा. दुसरा लपवू नका, पण ती पहिल्याची अट आहे असं भासवूही नका. 'तुम्ही आमचेच' म्हणायचं आणि मनात 'पुढे ख्रिस्ती झालात तर' ठेवायचं, ही फसवणूक आहे आणि ती लोकांना लगेच कळते. लूक १० मधला शोमरोनी जखमी माणसाला मलमपट्टी करतो, उतारशाळेत दोन दिनार देतो, आणि त्याला काहीच विचारत नाही.

सोलापूरकरांना हा मुद्दा दूरचा नाही. शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. त्या माणसांना जिथं डांबून ठेवत, त्या वसाहतीला सेटलमेंट म्हणत. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नाव राहिलं. 'एकापासून सर्व राष्ट्रं' हे वचन त्या कायद्याच्या थेट विरुद्ध उभं राहतं. उपदेशाला उदाहरण हवं असेल तर हे घ्या, आणि आमंत्रण त्या वस्तीतही जाऊ द्या.

मायबोली३

भाषेबद्दल. वाक्यागणिक दुभाषे ठेवू नका. १२ मिनिटांचा उपदेश दोन भाषांतरांसह ३६ मिनिटांचा होतो आणि प्रत्येक श्रोता त्यातली २४ मिनिटं नुसता बसून राहतो. त्यापेक्षा उपदेश मराठीत १२ मिनिटं, आणि तेलुगू-कन्नडमध्ये अर्ध्या अर्ध्या पानाचा सारांश छापून बाकावर. वाचनं वाटून घ्या: पेन्टेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा भाग (प्रेषितांची कृत्ये २) तेलुगूत, गलतीकरांस पत्र ३:२६-२८ कन्नडमध्ये, मत्तय ६:९-१३ मराठीत. पेन्टेकॉस्टला सगळ्यांची भाषा एक झाली नाही, प्रत्येकानं आपापल्या भाषेत ऐकलं. म्हणून ते वाचन मुद्दाम परक्या वाटणाऱ्या भाषेत असू दे.

छपाईत एक चूक हमखास होते. तेलुगू ओळी तेलुगू लिपीत छापल्या जातात आणि निम्मी तरुण मंडळी गप्प राहते, कारण घरी तेलुगू असली तरी शाळा मराठी झालेली असते. तीच ओळ देवनागरीतही द्या. कन्नडचंही तसंच. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, वयस्कर माणसं संध्याकाळच्या उजेडात वाचणार आहेत.

आता प्रभूची प्रार्थना. पहिले शब्द असे: मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', तेलुगूत 'परलोकमंदुन्न मा तंड्री', कन्नडमध्ये 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये'. इथं थांबून बघा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे, तेलुगूतही 'मा' आणि 'मन' वेगळे, कन्नडच्या 'नम्म'मध्ये हा फरक नाही. प्रार्थनेत 'आमच्या' आणि 'मा' बरोबर आहे, कारण आपण देवाशी बोलतोय आणि तो त्या 'आम्ही'त मोजला जात नाही. पण तोच शब्द माइकवरून शेजाऱ्यांकडे बघून वापरलात, 'आमच्या पित्याचं प्रेम', की ऐकणारा बाहेर ढकलला गेला. निवेदकानं तिथं 'आपल्या सगळ्यांचा पिता' म्हणायला हवं, तेलुगूत 'मन तंड्री'. 'सगळ्यांचा' गाळू नका, नाहीतर 'आपला' म्हणजे आदरार्थी 'तुमचा' असाही अर्थ लागतो. निवेदनाचा कागद घ्या आणि प्रत्येक 'आमचा'खाली पेन्सिलीनं रेघ मारून तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रार्थनेच्या शेवटीही गडबड होते. प्रोटेस्टंट मंडळी 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' पुढे म्हणत राहते आणि कॅथलिक 'वाइटापासून सोडव' इथं थांबतात. अर्धी सभा अचानक गप्प. कागदावर आधीच ठरवून छापा. 'सोडव'नंतर एक श्वास थांबून गौरवाची ओळ सर्वांनी म्हणणं कॅथलिकांना परकं नाही, मिस्सामध्ये (त्यांच्या मुख्य उपासनेत) ती थोड्या अंतरानं येतेच. तिन्ही भाषांत एकाच वेळी म्हणायचं असेल तर कुणाच्याही हाती माइक नको. माइकवरची भाषा बाकीच्या दोन गिळून टाकते.

गाण्यासाठी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन, टाळ-मृदंगावर. धृपद पुढच्यानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, म्हणून मराठी न वाचणाराही दुसऱ्या फेरीला गातो. आणि टिळकांचा संबंध नुसत्या गाण्यापुरता नाही. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत हीच कल्पना होती.

उपासनाक्रम

प्रभुभोजन ठेवू नका. कॅथलिक नियमानुसार त्यांना आपल्या मेजावर घेता येत नाही आणि सर्वसाधारणपणे आपल्याला त्यांच्या. एका कुटुंबाचं नाव घेऊन बोलवायचं आणि ऐन मेजाशी तिघांतल्या एकाला बसून राहायला लावायचं, हे टाळा. वचन, प्रार्थना, शांतीचा सलाम आणि नंतर साधं प्रीतिभोजन. हे दुःख लपवायचंही कारण नाही. पाळकांनी एका वाक्यात सांगावं की मेज अजून एक झालेलं नाही, त्यासाठीच प्रार्थना आहे. या सप्ताहाची सुरुवात १९०८ मध्ये झाली, आणि १९६८ पासून त्याचं साहित्य प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक मिळून तयार करतात, ते तयार वापरा.

तारीख: १८ ते २५ जानेवारी म्हणजे सोलापुरात गड्ड्याचे, सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस. नंदीध्वजांची मिरवणूक आटोपलेली असते, पण होम मैदानाकडची गर्दी ओसरलेली नसते. रविवारी संध्याकाळी त्या बाजूनं रिक्षा मिळत नाही. जागा पूर्व भागात घ्या. ते जमत नसेल तर मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन बघा, तो महिला चालवतात आणि त्यांची बांधणी पक्की असते. वेळ सायंकाळी ५:३०, कारण सकाळी सगळ्यांची आपापली उपासना. उपासना ७० मिनिटं, पंगत ७ ला. भोंगा दहाच्या आत बंद.

शेजारी असताना अर्पणाची थाळी फिरवू नका, पत्रकं हातात कोंबू नका, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका. कुणी आपणहून मागितली तर नंतर, बाजूला.

भवानीपेठकर

प्रभुभोजनाचं पटलं. निवेदनाचा मसुदा तपासला, पहिल्याच परिच्छेदात 'आमचा' सात वेळा निघाला! पंगतीचं कुणी सांगेल का?

वाढपी

पूर्ण शाकाहारी, अंडंही नको, केकसुद्धा नाही. मग लिंगायत, जैन, मुसलमान कुणाचीच अडचण राहत नाही. जैनांसाठी कांदा-लसूण-बटाटा नसलेली आमटी वेगळ्या पातेल्यात, तिची पळीही वेगळी. तारीख पक्की करण्याआधी पंचांगात एकादशी बघा.

२०० पानांचा हिशोब: कडक भाकरी माणशी दोन, वर पन्नास, म्हणजे ४५०. ती आधी करून ठेवता येते, त्या दिवशी चुलीपाशी कुणी अडकत नाही. वयस्करांना कडक भाकरी चावत नाही, त्यांच्या आमटीत चुरून द्या किंवा ५० मऊ भाकरी वेगळ्या सांगा. तूर डाळ ८ किलो, तांदूळ १६ किलो, शेंगा चटणी ४ किलो. चटणी पानात वाढण्याआधी विचारा, काहींना शेंगदाणा चालत नाही.

गोडाला हुग्गी (गव्हाची खीर). खपली गहू ५ किलो, गूळ ५ किलो. गहू रात्रभर भिजवून आधी पूर्ण मऊ शिजवा, मगच गूळ. गूळ आधी पडला तर गहू कितीही शिजवला तरी दाताखाली टणक राहतो. दूध गरम गुळात ओतलं की फाटतं, म्हणून हुग्गी कोमट झाल्यावर, वाढायच्या वेळी.

वाढायला कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये तक्रार नेमकी हीच होती: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. मंडळीनं सात जण निवडले, स्तेफनापासून निकलावापर्यंत, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी दिली. तुम्हीही आमटीचं पातेलं तेलुगू आणि कन्नड घरांकडे द्या, मराठी मंडळीनं पानं मांडावीत, उष्टी काढावीत.

करिंथलाही पंगतच बिघडली होती. सवड असलेले आधी जेवून मोकळे आणि कामावरून येणारे उपाशी. म्हणून पौल लिहितो, एकमेकांची वाट पाहा. कारखान्याची पाळी किती वाजता सुटते ते विचारून घ्या आणि पहिल्या पंगतीच्या ५० जागा त्या माणसांसाठी राखा. पाळक, पंच, नगरसेवक यांचं वेगळं टेबल मांडू नका (याकोब २).

वचनवाचक

एक भर घालतो, कडू असली तरी. शेजाऱ्यांसमोर गलतीकरांस पत्र ३:२८ वाचणार असाल तर मंडळीतल्या मंडळीत कुणाची सोयरीक कुठं अडते तेही आधी बोलून घ्या. रोटी केव्हाच एक झाली, बेटी अजून पूर्वीच्या जातीपाशी थबकते. पाहुण्यांना हे माहीत असतं, कारण तेही याच गल्लीत राहतात. पंचांच्या सभेत हा विषय सप्ताहाच्या आधीच घ्या, लग्नाच्या नोंदवह्या समोर ठेवून.

मायबोली३

छापायला देण्याआधी देवनागरीतल्या तेलुगू ओळी एखाद्या तेलुगू आजींना मोठ्यानं वाचून दाखवा. देवनागरीत तेलुगूचे ऱ्हस्व ए-ओ नीट उतरत नाहीत, त्या ऐकूनच दुरुस्त करतील. प्रती २२० काढा.