संकटात कर्जं आटतात ती बँकांमुळे की मागणीच नसल्यामुळे? ताळेबंद, उलटतपासणी आणि दुहेरी नोंद या तिघांमधला वाद

ताळेबंद
लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यावर काही आठवडे अमेरिकी बँकांची उद्योगकर्जं चक्क वाढली. त्यावर बोट ठेवून मिनियापोलिस फेडच्या (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या एका प्रादेशिक बँकेच्या) अर्थतज्ज्ञांनी ऑक्टोबर २००८ मध्ये 'पतपुरवठा आटला' हा समज खोडून काढला. माझ्या मते त्यांनी चुकीचा आकडा वाचला. ती वाढ जुन्या मंजूर लिमिटांमधली होती, बँक उद्या देईल न देईल म्हणून कंपन्यांनी आधीच करून ठेवलेली उचल. मोठ्या कर्जदारांना मिळालेली नवी सिंडिकेट कर्जं (अनेक बँकांनी मिळून दिलेली) त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत आधीच्या तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी घसरली होती. हात बँकांनी आखडला.

उलटतपासणी
४७ टक्के घसरण मागणी पडूनही होऊ शकते. माल खपत नसताना नवी यंत्रं घ्यायला कर्ज कोण काढणार? त्याच देशातल्या छोट्या व्यावसायिकांच्या पाहणीत २००९ मध्ये सगळ्यात मोठी अडचण म्हणून 'विक्री नाही' हेच उत्तर वर होतं, 'कर्ज मिळत नाही' बरंच खाली. पुरवठा आटला असेल तर कर्ज कमी आणि दर चढा, मागणी आटली असेल तर दोन्ही खाली. मूळ दर तेव्हा उतरत होते, म्हणून मूळ दरावर बँका किती जादा लावत होत्या ते तपासा.

ताळेबंद
दरावर एवढी भिस्त नको. दर चढवला की जोखमीचेच कर्जदार टिकतात, म्हणून बँक दर चढवण्याऐवजी सरळ नकार देते. नाहीतर लिमिट कापते, मार्जिन (कर्जदाराने स्वतः घालायचा हिस्सा) वाढवते, हमी मागते. त्यात कर्ज मिळतं ते भक्कम कंपन्यांनाच, त्यामुळे सरासरी दर फसवा निघतो. आता भांडवलाचं गणित बघा. १०० टक्के जोखीमभाराच्या (भांडवलाच्या हिशोबात पूर्ण रक्कम धरल्या जाणाऱ्या) कर्जांवर बँकेचं स्वतःचं ८ टक्के भांडवल लागत असेल, तर १ चा तोटा भरून काढायला साडेबाराची कर्जं कमी करावी लागतात. मुदतकर्ज मध्येच परत मागता येत नाही, म्हणून कात्री लागते नूतनीकरणाला आलेल्या खेळत्या भांडवलाला. धंदा उत्तम चाललेला असो, तारीख त्याच महिन्यात पडली की संपलं.

दुहेरी नोंद
एकच कंपनी, दोन बँका, अशी तुलना करा. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्तानात डॉलर ठेवी गोठवल्या गेल्या. ज्या बँकांकडे त्या जास्त, त्यांची रोखता (हाताशी असलेला पैसा) जास्त गेली. ख्वाजा आणि मियाँ या अर्थतज्ज्ञांनी एकाच कंपनीची दोन्हीकडची कर्जं ताडून पाहिली, तेव्हा रोखता १ टक्का घटली की कर्जं ०.६ टक्के घटत होती. मात्र मोठ्या कंपन्यांनी ती तूट दुसऱ्या बँकेतून भरून काढली, छोट्यांना ते जमलं नाही.

उलटतपासणी
कंपनीची मागणी दोन्हीकडे सारखीच असते, हे गृहीतक लंगडं आहे. एका बँकेत कॅश क्रेडिट, दुसरीत निर्यातकर्ज असेल तर निर्यात पडल्यावर एकाच खात्यातली उचल घटणार. शिवाय एकाच बँकेवर अवलंबून असलेले छोटे या तुलनेत येतच नाहीत, आणि वाद त्यांच्याबद्दलच आहे! तो ०.६ सुद्धा बँकांमधला फरक सांगतो, एकूण घसरणीत मागणीचा वाटा किती ते नाही.

दुहेरी नोंद
शेवटचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर उपाय आहेत. कर्जप्रकार वेगळे करून मगच तुलना करायची. एकाच बँकेच्या कंपन्यांचे व्यवसाय, ठिकाण आणि आकारानुसार गट पाडायचे. स्पेनच्या मध्यवर्ती बँकेच्या कर्जनोंदणीत तर कंपनीने नव्या बँकेकडे केलेली विचारणाही दिसते. विचारणा झाली म्हणजे मागणी होती.

उलटतपासणी
मग ब्रिटनचं काय? जुलै २०१२ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने कर्ज वाढवणाऱ्या बँकांना स्वस्त निधी देऊ केला, तरी छोट्या उद्योगांची कर्जं घटतच राहिली.

ताळेबंद
त्या योजनेने निधी दिला, भांडवल नाही. बाझल २ या बँक-भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या प्रमाणित पद्धतीत गृहकर्जावर ३५ टक्के जोखीमभार होता, पतमानांकन नसलेल्या कंपनीवर १००. तेवढ्याच भांडवलात जवळजवळ तिप्पट गृहकर्जं बसायची, मग बँक उद्योगाकडे कशाला वळणार होती? नोव्हेंबर २०१३ मध्ये गृहकर्जांना योजनेतून वगळायचं ठरलं ते उगाच नाही.

उलटतपासणी
घरांना मागणी होती, उद्योगांना नव्हती, असंही त्यातून निघतं. उद्योगांनी किती अर्ज केले आणि किती नाकारले गेले, ते मांडा.