गोळ्या लिहून दिल्यात, पण सुरू करायची भीती वाटते

कोयनाकाठ:
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीपासून पहाटे चारला जाग येते ती छातीत धडधड घेऊनच. हातपाय गार पडतात, आता काहीतरी होणार असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. हल्ली फळ्यावर लिहिता लिहिता डोळे भरून येतात, पोरं बघत राहतात. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम, म्हणजे चिंता-नैराश्यावरची गोळी दिलीय. पाकीट पर्समध्येच पडून आहे. सासूबाई म्हणतात, एकदा सवय लागली की सुटत नाही. मिस्टर काहीच बोलत नाहीत. कुणी घेतल्यात का? खरंच बरं वाटतं का?

नीरा_७६:
ताई, मी घेतल्यात आणि बरी झालेय. ही गोळी नशेसारखी सवय लावत नाही. पण मनाने एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. त्या त्रासालाच लोक सवय समजतात.

पहिला आठवडा मला जड गेला. मळमळायचं, धडधड उलट थोडी वाढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत कळायला लागतो. मला तो स्वयंपाकघरात कळला. आमटीला फोडणी दिली, लसणाचा वास आला आणि कितीतरी दिवसांनी भूक लागली. मी तिथेच उभी राहून रडले. बरं वाटलं तरी गोळ्या पुढे सहाएक महिने चालूच ठेवायला सांगतात, तेवढं ऐका.

समुपदेशन मात्र सोडू नका, माझ्या मते निम्मं काम त्यानेच झालं. मॅडमनी वही करायला लावली. धडधड सुरू झाली की मनातलं वाक्य लिहायचं, 'अटॅक येतोय', आणि शेजारी त्याचा पुरावा. पुराव्याच्या रकान्यात दर वेळी ईसीजीचा रिपोर्टच यायचा! मला एसटीत बसायची धास्ती होती. आधी स्टँडवर नुसतं बसून यायचं, मग पुढच्या थांब्यापर्यंत, असं करत सुटली.

वॉर्डातली_सिस्टर:
खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ओळखीचं कुणी दिसेल अशी धास्ती वाटत असेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहावी हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.
आणि ताई, स्पष्ट विचारते, जीव नकोसा वाटतो का? गोळी सुरू केल्यावर तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरातल्या एकाला तरी हे सांगून ठेवा.

कोयनाकाठ:
नाही सिस्टर, तसं नाही वाटत. पण बरं झालं विचारलंत, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मिस्टरांना हे सगळं वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि पाण्याचा तांब्या भरून आणून ठेवला. आज जेवणानंतर पहिली घेते. बी-ट्वेल्व्हची गोळी सोबत चालेल ना?

वॉर्डातली_सिस्टर:
चालते. डोकं दुखलं तर मात्र दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणू नका, या गोळीसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी डॉक्टरांना फोन करा.