४-८ दिसतंय, पण आधीचं १-११ही बघा

वर एकांनी लिहिलंय की कोलोराडो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच डिऑन सँडर्स म्हणजे नुसता गाजावाजा, पहिल्या मोसमात ४-८ (४ विजय, ८ पराभव) करणाऱ्या कोचचं कौतुक कसलं? अहो, २०२२ मध्ये हेच कोलोराडो १-११ होतं! २०२३ च्या पहिल्याच सामन्यात टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), म्हणजे आदल्या मोसमातल्या राष्ट्रीय उपविजेत्यांना, त्यांच्याच मैदानावर ४५-४२ हरवलं. पुढे नेब्रास्कालाही ३६-१४. हे काही नशिबाने होत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ऐंशीहून जास्त नवे खेळाडू आणले, पण क्वार्टरबॅकसमोरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला वाचवणारी, भिंत कच्चीच ठेवली. क्वार्टरबॅक शेडूर मोसमात ५२ वेळा सॅक झाला. चेंडू हातातून सुटायच्या आत पोरगा आडवा, आणि तोही कोचचा स्वतःचा मुलगा! ओरेगॉनने ४२-६ धुतलं तेव्हाच हे उघडं पडलं होतं.

स्टॅनफर्डविरुद्ध तर कहर. हाफटाइमला कोलोराडोची २९-० आघाडी पाहून मी निवांत टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४६-४३ ने हार. दोनदा स्कोअर तपासला, चहा गार झाला. आघाडी मिळाल्यावर सामना थंड डोक्याने संपवणं, हे कोचचंच काम ना? तिथे मी त्यांना नापास करतो. बाकी मरगळलेल्या संघात जीव आणला, हे मात्र मान्य करा राव.